इन्सुलिनसह अल्पमात्रेची केमोथेरपी घ्यावी का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. आईच्या स्तनाच्या कर्करोगासाठी आधी इन्सुलिन देऊन केमोचा दशांश डोस पुरेल, असे एका खासगी दवाखान्यात सांगितल्यामुळे मी गोंधळले आहे.

उत्तर १: ताई, ही पद्धत मेक्सिकोचे डॉ. डोनाटो पेरेझ गार्सिया यांनी १९३०च्या दशकात सुरू केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उरुग्वेतील अभ्यासात मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधासोबत इन्सुलिन दिल्यावर गाठींची वाढ मंदावलेली दिसली, परंतु त्यात रुग्ण जेमतेम ३० होते आणि आयुष्य वाढते हे त्यावरून सिद्ध होत नाही.

उत्तर २: माझे वडील मधुमेही आहेत, साखर उतरली की त्यांचा सदरा घामाने भिजतो, हातातला पेला थरथरतो. या उपचारात ती अवस्था मुद्दाम आणतात. कृपया आईंची नेहमीची केमो थांबवू नका.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सोमवारी कर्करोगतज्ज्ञांना विचारते.