रोजच्या बोलण्यातून जिव्हाळ्याची ओळख कशी व्हावी?

प्रश्न – कृष्णाकाठची:
नोकरीनिमित्त सांगलीहून येथे आल्यापासून मी रोज ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत महिलांच्या डब्यातून प्रवास करते. डब्यात, कार्यालयात, इमारतीत अनेकींशी बोलणे होते. परंतु ते गाडीचा उशीर, पाऊस आणि पाण्याची वेळ यांपलीकडे जात नाही. अडीअडचणीला हक्काने हाक मारावी असे त्यांत कोणीच नाही, याचे मनापासून वाईट वाटते. कोणाच्या खासगी आयुष्यात नाक न खुपसता या ओळखी वाढवाव्यात कशा?

उत्तर – डोंबिवलीकर:
ताई, या वरवरच्या बोलण्याला कमी लेखू नका. जागा हवी म्हणून आपण ‘कुठे उतरणार?’ असे विचारतो आणि ‘घाटकोपर’ एवढे कळले की गप्प बसतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईला ‘घाटकोपरहून पुढे मेट्रोने जाता का?’ असे विचारले, तर आपले बोलणे कोणीतरी लक्षात ठेवले हे तिला जाणवते, आणि माझ्या मते ओळखीची खरी सुरुवात तेथेच होते. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, समोरच्याच्या उत्तराचा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे इतरांना अधिक आवडतात, असे दिसून आले. मात्र आडनावावरून जात काढणे, पगार विचारणे, ‘अजून मूल नाही का?’ असे म्हणणे ही आपुलकी नव्हे, आणि आपल्याकडे हे सर्रास चालते. दुसरीने जेवढे सांगितले तेवढ्याचाच धागा धरावा.

उत्तर – वरळीची लेक:
मी बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांच्या खोलीत घर मावत नसे, त्यामुळे निवडणे-टिपणे, अभ्यास, भांडणे सारे दारासमोरच्या सामाईक व्हरांड्यात होई, आणि तीच माणसे दिवसातून अनेकदा समोर येत. टॉवरमध्ये दार बंद असते आणि लिफ्टमध्ये ‘कशा आहात?’ याच्या पुढे जायला वेळच मिळत नाही. म्हणून त्याच वेळी, त्याच जागी भेट होईल असे काहीतरी मुद्दाम ठरवावे लागते: संध्याकाळी खालच्या बाकावर बसणे, किंवा रोज तोच डबा आणि तेच दार धरणे. शिवाय स्वतः थोडे मागावे. शेजारणीकडे विरजण मागितले, की तिलाही उद्या आपल्याकडे कढीपत्ता मागायला संकोच वाटत नाही.

प्रश्नकर्ती:
आपण बोलायला गेलो आणि समोरचीला ते नको असेल तर?

उत्तर – डोंबिवलीकर:
ही भीती बहुतेकांना असते. शिकागोच्या उपनगरी गाड्यांतील प्रवाशांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा एकटे बसणेच बरे, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास अधिक आनंदात गेला. आपला डबा तिकडच्यापेक्षा कितीतरी बोलका आहे, दसऱ्याला त्यात तोरणे लागतात आणि पूजाही होते. तरीही उत्तर एका शब्दात आले आणि नजर पुन्हा मोबाइलकडे वळली, तर त्या दिवसापुरते थांबावे. दुसऱ्या दिवशी मात्र ओळखीचे हसायला विसरू नये. बोलायचे की नाही, हे तिला ठरवू द्यावे.