मदत हवी आहे: भाचीसाठी गुंडमचं किट, रिअल ग्रेड घेऊ की मास्टर ग्रेड?

नमस्कार मंडळी. गुंडम म्हणजे जपानी ॲनिमेतला रोबोट, त्याचं प्लास्टिकचं किट घरी जोडायचं असतं. मी नागपूरचा, महाल भागात राहतो. भाची आठवीत आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडेच असते. मागच्या मे महिन्यात तिनं हाय ग्रेडचा, म्हणजे साध्या श्रेणीचा, आरएक्स-७८-२ (पहिला, मूळ गुंडम) चार दुपारांत जोडला. नीपर (भाग कापायची छोटी पक्कड) नव्हता म्हणून मी नेलकटर दिलं, त्यामुळे पांढऱ्या भागांवर कुरतडल्यासारखे डाग राहिले. कपाळावरचं पिवळं शिंग कूलरच्या वाऱ्यानं उडालं ते दिवाळीत कूलर आवरताना स्टँडखाली मिळालं! तेव्हापासून ती एकच म्हणते, "मामा, याच्या आत काहीच नाही ना, मला हाडं असलेला पाहिजे."

आतला सांगाडा रिअल आणि मास्टर दोघांत असतो, एवढं कळलं. रिअल मूळ रोबोटच्या १/१४४, म्हणजे आमच्या हाय ग्रेडएवढाच, साडेबारा-तेरा सेंटीमीटर. मास्टर १/१००, अठराच्या आसपास. परफेक्ट ग्रेड १/६०, फूटभर उंच. त्याची किंमत पाहून मी पान बंद केलं. माझं बजेट साडेचार हजार, मास्टर त्यात जेमतेम बसतो. रिअलमध्ये पैसे वाचतील, पण त्याचे भाग म्हणे तांदळाच्या दाण्याएवढे, आणि स्टिकर चिमट्यानं लावायचे. मला चाळिशी लागली आहे, मदत काय करणार? शिवाय आमच्या ४५ अंशांत हे प्लास्टिक टिकतं का?

उत्तर १:
भाऊ, मास्टर घ्या. फक्त डब्यावरचा आवृत्तीचा आकडा नीट पाहा. ३.० (२०१३) मध्ये रिअलसारखेच रंगांचे बारीक तुकडे आहेत. २.० (२००८) साधा, ठसठशीत, हातात घ्यायला दणकट. तिला हाडं पाहायची आहेत ना, मग तोच. रिअलचा २०१०चा पहिला आरएक्स मी जोडला होता. त्याचा सांगाडा साच्यातूनच जोडलेला निघतो, गंमत वाटते, पण वर्षभरात सांधे ढिले होऊन बंदूक धरलेला हात खाली यायला लागला. रिअलचाच २०२४चा नवा २.० वेगळा आहे, पण तो पुढच्या वर्षी घ्या.

४५ अंशांत पॉलिस्टायरिन वितळत नाही. पश्चिमेच्या खिडकीत मात्र ठेवू नका, उन्हानं पांढरे भाग पिवळे पडतात. आणि नीपर घ्या हो! आधी भागापासून थोडं लांब कापायचं, मग उरलेला देठ दुसऱ्यांदा.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद दादा. मास्टरचा २.० मागवतो, नीपरही. जोडणी कूलर बंद करून करायला ती तयार नाही, त्यामुळे रनर (भाग चिकटलेल्या चौकटी) पुरणपोळीच्या परातीत ठेवायचं ठरलं आहे. परात कोणाची, ते घरी अजून सांगितलं नाही.