मदत हवी आहे – विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन जाम झालंय

नमस्कार मंडळी, आमच्या विहिरीवर आजोबांच्या वेळचं 5 एचपीचं डिझेल इंजिन आहे, एक सिलेंडर, पाण्यावर थंड होणारं, हँडल मारून चालू करायचं ते. वीज आल्यापासून मोटरच चालते म्हणून हे पत्र्याखाली तसंच पडून होतं, सायलेन्सरच्या तोंडावर घातलेला डबा वाऱ्याने कधी उडाला कळलंच नाही आणि दोन पावसाळे पाणी आत गेलं. आता लोडशेडिंगमुळे परत आठवण झाली तर फ्लायव्हील जागचं हलत नाही, डीकॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब सोडायचा खटका) उचलून बघितलं तरी नाही.

हेड (सिलेंडरवरचं झाकण) खोललंय. पिस्टन निम्म्यावर अडकलाय, वर लायनरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) गंजाचा तांबडा पट्टा, नख लावलं की खरखर लागतो. तळाचं ऑइल काढलं तर आधी वाटीभर पाणी आलं मग ताकासारखं पांढरं ऑइल. चार दिवस झाले डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून पिस्टनवर ओतून ठेवलंय, थेंबभरसुद्धा खाली उतरलं नाही.

गावातला मिस्त्री म्हणतो फ्लायव्हीलला पहार लावून दोघांनी जोर मारू, पण कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला तर काय घ्या, मला ते पटत नाही. लाकडी ठोकळा ठेवून पिस्टनवर हळूहळू ठोकावं का? की रॉडचे बोल्ट खालून सोडून लायनरसकट पिस्टन वर ओढून काढावा? तसंही लायनर-पिस्टन किट बदलायची तयारी आहे, फक्त क्रँक (फ्लायव्हील फिरवणारा खालचा शाफ्ट) वाचला पाहिजे. कोणी केलं असेल तर सांगा, भंगारात घाला म्हणणारे घरात पुष्कळ आहेत.