मिठाच्या पाण्यातल्या भाज्यांवर पांढरी साय: यीस्ट की बुरशी?

मदत हवी आहे. गाजर आणि फ्लॉवर मिठाच्या पाण्यात आंबवायला ठेवलेत. मीठ ३ टक्के, वजनाने मोजून. व्हिनेगर अजिबात नाही. वर पातळ, सुरकुतलेली पांढरी साय धरलीये. केसाळ नाही, हिरवे-काळे ठिपके नाहीत, वास आंबटच, फोडी कडक. पाणी गढूळ झालंय, पण ते आंबताना होतंच, त्याची चिंता नाही. साय काढली, फोडी वजन ठेवून पाण्याखाली दाबल्या, तरी परत आली. पीएच पट्टी ४ च्या खाली दाखवते. फ्रिजमध्ये जागा नाही, तेव्हा तो उपाय कृपया सुचवू नका. निरुपद्रवी यीस्ट आणि बुरशी यांतला फरक अगदी सुरुवातीला, केस फुटण्याआधी कसा ओळखायचा? आणि साय तशीच राहिली तर आम्लता कमी होऊन बरणी बिघडेल का?