घरात पीसी एक, वापरणारे चार आणि अँटिव्हायरस कुठला? तुमचे किस्से सांगा

सनमायका
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आईकडचा डबा (जुना पीसी) काही ११ घेत नाही, म्हणून रविवारी ते कॉम्प्युटर टेबल (कीबोर्डचा सरकता ट्रे असलेलं, तुमच्याकडेही होतंच) रिकामं करायला बसलो. खालच्या खणात क्विक हीलचा खोका, सीडी आणि २००४ चं कालनिर्णय. त्यात दुधाच्या खाड्यांशेजारी बाबांच्या अक्षरात "अँ.व्हा. संपतो". टेबल राहिलं बाजूला, अर्धा तास तेच बघत बसलो.

आमचा पीसी २००३ चा, असेंबल केलेला, १२८ एमबी रॅम. बाबा सोसायटीचे हिशोब करायचे, ताई चॅट, आई पत्ते (कोळ्याचे, म्हणजे स्पायडर सॉलिटेअर) आणि मी गेम (क्रॅक केलेले, कबूल). व्हायरस आला की संशयित कायम मीच. काकाने एक फुकटवाला अँटिव्हायरस टाकून दिला, महिन्याभराने आतेभाऊ आला आणि "हा काय कामाचा" म्हणत दुसरा टाकून गेला, पहिला न काढता. झालं, दोघं एकमेकांच्याच फायली पकडायला लागले. आई पीसी सुरू करून कुकर लावायला जायची, तीन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसायचा. शेवटी बाबांनी दोन्ही काढून तपकीर गल्लीतून क्विक हील आणलं. निवडण्याचं कारण काय, तर "पुण्याचं आहे, काही झालं तर जाऊन भांडता येईल".

तुमच्याकडे कुणी निवडला आणि भांडणं कुणाची झाली? लिहा.

दुपारचा_चहा
जाऊन भांडता येईल =)) हे पुण्याबाहेरच्याला कळणारच नाही

लालडबा
६० सेकंदांचं घड्याळ!!! कुणाला आठवतंय का? ऑगस्ट २००३. नेट जोडलं की दोन मिनिटांत खिडकी यायची, मशीन बंद होणार, ५९, ५८, ५७... ताईचा प्रोजेक्ट सेव्ह केलेला नाही आणि ती माझ्या नावाने किंचाळतेय. मग कॉलेजातल्या एकाने मंत्र दिला, रन मध्ये जाऊन शटडाऊन स्पेस डॅश ए. घड्याळ थांबायचं. तो मंत्र मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला होता, आजोबा रोज उदबत्ती ओवाळताना तोही वाचायचे

पोर्टवाला
@लालडबा तो ब्लास्टर, नेटवरून स्वतःच पसरणारा व्हायरस. त्यात तुझी काही चूक नव्हती, ताईला आता तरी सांग. ना मेल उघडावी लागायची ना सीडी घालावी लागायची, नेटला जोडलेलं मशीन दिसलं की पोर्ट १३५ (मशीनचं नेटकडचं एक दार) मधून आपोआप आत. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती पण बंद ठेवलेली असायची. ती आपोआप चालू झाली ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ (एक्सपीचं मोठं अपडेट) पासून. शिवाय तेव्हा डायलअपने मशीन थेट नेटवर उघडं पडायचं, आता मधे राउटर असतो, तो बाहेरून न मागता आलेलं दारातच अडवतो. अँटिव्हायरस म्हणजे घरात आलेल्याची झडती, फायरवॉल म्हणजे दाराची कडी. आपण सगळे झडतीवर पैसे घालत होतो आणि कडी उघडी.

मोगरा_७७
आमच्याकडे अवास्ट. तो अपडेट झाला की बाई बोलायची, व्हायरस डेटाबेस हॅज बीन अपडेटेड. स्पीकर कायम फुल्ल. सासूबाई देवापुढे बसलेल्या असताना ही बोलली की त्या म्हणायच्या "बोलली गं तुझी जाऊ". मला खरी जाऊ नाही, त्यामुळे अजूनही घरात अवास्ट म्हणजे जाऊबाई. कुकर वाजतोय बाकी नंतर लिहिते

रात्रपाळी
जाऊबाई परवडली. कॅस्परस्कीच्या जुन्या व्हर्जनला व्हायरस सापडला की डुक्कर किंचाळायचं, अक्षरशः. आमचं बीएसएनएलचं ब्रॉडबँड, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट, म्हणून २ चा अलार्म लावून उठायचो आणि सगळं एकदम लावायचो. एकदा पावणेतीनला तो प्राणी ओरडला. वडील टॉर्च घेऊन परसात. मी अंथरुणात झोपेचं सोंग

दुपारचा_चहा
@रात्रपाळी २ ते ८ !! तो प्लॅन ज्याने वापरला त्याची झोप अजून नीट झालेली नाही

उजवीक्लिक
झोनअलार्म कुणी वापरलं नाही का? भावाने फायरवॉल म्हणून टाकलं आणि हॉस्टेलला निघून गेला. मग दर पाच मिनिटांनी विचारणार, अमुक प्रोग्रामला नेट हवंय, देऊ का. आईने आम्हाला बजावलेलं, अनोळखी कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं. एक दिवस आलं "जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस". नावच संशयास्पद, वर पुढे टिक करायची सोय की परत विचारू नको. टिक करून नाही म्हटलं. तो विंडोजचाच भाग निघाला, नेट बंद. चार दिवस टेलिफोन एक्स्चेंजला फोन, लाइनमन येऊन खांबावर चढून गेला. भाऊ शनिवारी आला, दोन क्लिकमध्ये चालू केलं, आणि लाइनमनला चहा पाजला होता का एवढंच विचारलं

घाटमाथा
क्विक हीलवाले कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर रिपेअर करत करत पुढे गेले. धाकट्या भावाने, संजयने अँटिव्हायरस लिहिला, १९९५ च्या सुमारास, डॉसचा (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा) जमाना. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं

माहेरवाशीण
रहिमतपूर!! माझं आजोळ. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळतो का हो कुणाला मुंबईत, खरा, पट्ट्यांचा?

घाटमाथा
@माहेरवाशीण दादरला मिळतो म्हणतात पण जुना असतो, शिजत नाही. गावाकडून मागवा

फोटोवाला
माझा किस्सा पेन ड्राइव्हचा. २००८, बहिणीच्या लग्नाचे फोटो स्टुडिओतून आणले. घरी उघडतो तर प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचं अजून एक फोल्डर. हौसेने डबल क्लिक. ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई (क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्राम) होती. टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब, आणि खरे फोटो दिसेनात. आई रडायलाच लागली, मुहूर्ताचे फोटो गेले म्हणून. फोटो तिथेच होते, फक्त लपवलेले, कमांड प्रॉम्प्टवर अॅट्रिब (लपवलेलं उघड करणारी कमांड) देऊन परत आणले. तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या: फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग, आणि पेन ड्राइव्ह डबल क्लिकने कधीच नाही, वर अॅड्रेस बारमध्ये ड्राइव्हचं अक्षर टाइप करून. विकत घेतलेला अँटिव्हायरस त्या दिवशी होता बरं का. फक्त सहा महिने अपडेट नव्हता, कारण अपडेटला नेट लागायचं आणि बिल बाबांच्या नावावर

मोगरा_७७
आले परत. आमचं भांडण अँटिव्हायरसवरून नाही, पासवर्डवरून. दिराने सगळ्यांना वेगवेगळे अकाउंट करून दिले, मुलांचं साधं आणि अॅडमिन त्याच्याकडे. काही इन्स्टॉल करायचं की काकाची विनवणी. मुलगा आठवडाभर बोलला नाही काकाशी. पण खरं सांगते, त्यानंतर फॉरमॅटवाल्याला एकदाही बोलवावं लागलं नाही, आधी दर दिवाळीला यायचा, घरचा पाहुणा झाला होता तो

पोर्टवाला
@मोगरा_७७ दिराला साष्टांग. साध्या अकाउंटमध्ये चुकून काही चाललं तरी सगळी सिस्टिम त्याच्या हातात जात नाही. फुकट आहे आणि कुणीच करत नाही.

परदेशी_पाव्हणा
न्यू जर्सी. आमच्याकडे घरच्या पीसीवर कॅस्परस्कीच होतं कित्येक वर्षं, इथे सरकारने २०२४ मध्ये विक्री बंद केली आणि २९ सप्टेंबरपासून अपडेटही. मग नवीन काहीच घेतलं नाही, विंडोजचं डिफेंडर (त्यांचाच अँटिव्हायरस) चालू ठेवलंय, मुलं त्याच मशीनवर शाळेचं करतात. चालतं ना एवढं?

पोर्टवाला
चालतं. विंडोज ८ पासून ते आतच येतं. फक्त अपडेट थांबवू नका आणि दुसरं काही टाकलंत तर एकच टाका, सनमायकांच्या आतेभावाला बोलावू नका

सनमायका
:) आतेभाऊ आता सायबर सिक्युरिटीत आहे, खरंच.

आणि हो, अँटिव्हायरस जिथे थांबतो तेही आईकडेच बघितलं. मागच्या वर्षी फोन आला, बँकेतून बोलतोय, स्क्रीन दिसेल असं अॅप घ्या. आईने घेतलं असतं. तिला वाटलं समोरचा काय म्हणतो ते लिहून ठेवू, म्हणून वही आणायला उठली, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, त्यांनी फोन हातातून काढून घेतला. स्वतः आपल्या हाताने हो म्हटल्यावर कुठलं सॉफ्टवेअर अडवणार.

उजवीक्लिक
बापरे. वाचल्या. काकूंना साडी

सनमायका
दिली. तर नवीन पीसी आला परवा. अकाउंट दोन केली, अॅडमिनचा पासवर्ड मी कालनिर्णयवर लिहिला, डिसेंबरच्या पानामागे. आईला मी डिफेंडर, फायरवॉल सगळं दाखवत होतो, तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, यात माझे कोळ्याचे पत्ते कुठेत?"

माहेरवाशीण
@घाटमाथा मामीला फोन केला. पाच किलो येतोय. कुणाला हवा असेल तर सांगा

मोगरा_७७
मला एक किलो. जाऊबाईंच्या नावाने :)