पाच टक्के आणि एकाहत्तर टक्के: वेग, कॅमेरे आणि अपघाताचा फॉर्म

विषय: मराठी शाळेसमोर २० ची मर्यादा, मंडळाने काय लिहावं?
प्रेषक: स. प. (रेडिंग)

नमस्कार मंडळी,

रविवारची शाळा ज्या हॉलमध्ये भरते, त्याच्यासमोरच्या रस्त्यावर ताशी ३० ऐवजी २० मैलांची मर्यादा आणायची आणि पुढच्या चौकाजवळ वेग टिपणारा कॅमेरा बसवायचा, असा कौन्सिलचा प्रस्ताव आहे. हरकती-सूचनांसाठी तीन आठवडे आहेत. मंडळाने विरोधाचं पत्र द्यावं असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये २००५ पासून पोलीस अपघाताच्या नोंदीबरोबर कारणीभूत घटकही देशभर एकाच पद्धतीने लिहीत आले. त्यात 'वेगमर्यादा ओलांडली' हा घटक सगळ्या अपघातांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास येत असे. 'नीट पाहिलं नाही' हा घटक ४० टक्क्यांच्या घरात. कॅमेरा फक्त त्या पाच टक्क्यांना पकडतो. उलट २० च्या रस्त्यावर चालकाची नजर सारखी स्पीडोमीटरवर जाणार, म्हणजे रस्त्यावरून हटणार. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच पैसे खर्च करायचे असतील तर झेब्रा क्रॉसिंग द्या, हॉलसमोरच्या वेड्यावाकड्या पार्किंगवर कारवाई करा. कॅमेरा ही वसुलीची सोय आहे असं लोकांना वाटतं, आणि ते अगदीच उगाच नाही.

स. प.

---

प्रेषक: वा. जो. (मिल्टन कीन्स)

स. प. दादा, नमस्कार.

आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ वेगळा आहे. हा घोळ नेहमीचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोलिसांचा अपघात-नोंदीचा फॉर्म. पोलीस अपघातानंतर पोचतो. गाडी किती वेगात होती हे त्याने पाहिलेलं नसतं. पूर्वी टायर घासल्याच्या खुणा मोजून वेगाचा अंदाज बांधता यायचा. एबीएस आल्यापासून चाकं लॉक होत नाहीत आणि खुणा फारशा उमटत नाहीत. 'मी ३८ ने चालवत होतो' असं चालक स्वतःहून सांगत नाही. म्हणून पुरावा असेल तरच वेगाच्या चौकटीत खूण पडते. 'नीट पाहिलं नाही' हे मात्र चालक स्वतःच सांगतो: "तो दिसलाच नाही हो." त्यामुळे ती चौकट भरते. एका अपघाताला सहापर्यंत घटक लिहिता येत होते, म्हणजे एका चौकटीत खूण पडली म्हणून दुसरी रद्द होत नाही. 'परिस्थितीच्या मानाने जास्त वेग' ही तर वेगळीच चौकट, ती तुमच्या पाच टक्क्यांत धरलेली नाही. आणि मृत्यू झालेल्या अपघातांकडे पाहिलं, जिथे तज्ज्ञ तपासणी पथक येऊन मोजमाप करतं, तिथे 'मर्यादा ओलांडली' हाच घटक १५ टक्क्यांच्या आसपास जातो.

आता भारताचा फॉर्म पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यू आहेत आणि त्यांपैकी ७१.२ टक्के अतिवेगाने झाले असं लिहिलं आहे. भारतातला चालक ब्रिटिश चालकाच्या चौदापट वेगवेडा आहे का? नाही. तिथल्या तक्त्यात नियमभंगाचे मोजकेच रकाने आहेत: अतिवेग, दारू, उलट्या दिशेने गाडी, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि 'इतर'. नेमकं काय झालं हे कळलं नाही की नोंद बहुधा अतिवेगाच्या रकान्यात जाते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा ट्रक घ्या. डिझेल वाचवायला चालक न्यूट्रलमध्ये टाकतो, इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि ट्रक पुढच्या रांगेवर जातो. कागदावर हा 'अतिवेग'. घाटाच्या डोक्यावर सक्तीने ट्रक थांबवून ब्रेक तपासणं आणि खालच्या गिअरमध्ये उतरवणं हा इथला उपाय, पण ७१ टक्के या आकड्याने तो सुचत नाही.

म्हणून पाच आणि एकाहत्तर हे दोन्ही आकडे फॉर्मचे आहेत. वेगाचं काम समजायचं तर थांबण्याचं अंतर बघावं लागतं. हायवे कोड म्हणजे इथल्या वाहतूक नियमांचं पुस्तक, त्यातला तक्ता, कोरडा रस्ता, चांगले ब्रेक:

२० मैल: ६ मीटर विचारात + ६ मीटर ब्रेकमध्ये = १२
३० मैल: ९ + १४ = २३
४० मैल: १२ + २४ = ३६

आता शाळेसमोर १२ मीटरवर मूल रस्त्यात आलं. २० ची गाडी मुलापाशी येऊन थांबते. ३० च्या गाडीचे पहिले ९ मीटर पाय ब्रेकवर जाण्यातच गेले, ब्रेकला उरले ३ मीटर. तक्त्यातल्याच ब्रेकच्या ताकदीने गणित केलं तर त्या जागी ती गाडी अजून २६-२७ मैलांनी चाललेली असते. तेच २३ मीटरवर: ३० ची गाडी थांबते, ३५ ची साधारण २० ने आदळते, ४० ची जवळजवळ ३० ने. पाच मैल जास्त म्हणजे धक्का 'थोडा जास्त' असं होत नाही. न लागणारा धक्का २० मैलांचा होतो.

१२ मीटरवरच्या २० आणि ३० च्या दोन्ही प्रसंगांत चालकाने उशिरा पाहिलं, मुलाने बघितलंच नाही. ३० च्या गाडीच्या फॉर्मवर 'नीट पाहिलं नाही' एवढंच येईल. २० च्या गाडीची तर नोंदच होणार नाही, कारण कुणाला लागलं नाही. तुमच्या चाळीस टक्क्यांत वेग दडलेला आहे तो असा.

स्पीडोमीटरबद्दल: कायद्याने तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, थोडा जास्तच दाखवतो. काटा २० वर असेल तर गाडी बहुधा १९ च्या आत असते. दुसऱ्या गिअरमध्ये २० वर गाडी सहज राहते. नव्या गाड्यांत लिमिटर असतो, तो लावला की काट्याकडे बघावंच लागत नाही.

वा. जो.

---

प्रेषक: मे. कु. (बर्मिंगहॅम)

वा. जो. काका, गणित पटलं. पण कॅमेऱ्यांच्या बाजूनेही फुगवलेले आकडे फिरतात, आणि पत्रात ते गेले तर कौन्सिलमधला पहिला हुशार माणूस ते खोडून काढेल. म्हणून सांख्यिकीची बाजू लिहिते.

१९९१ च्या कायद्याने कॅमेऱ्याचा फोटो पुरावा म्हणून चालू लागला आणि १९९२ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम पुलाजवळ गॅट्सो कंपनीचा पहिला कॅमेरा बसला. २००० पासून दंडातून कॅमेऱ्याचा खर्च भागवायची योजना आली. वसुलीचा आरोप तिथूनच पक्का झाला. ती सोय २००७ मध्ये बंद झाली. आज दंड सरकारी तिजोरीत जातो, कौन्सिलला त्यातलं काही मिळत नाही. वेग-जागृती वर्गाच्या (दंड आणि गुणांऐवजी चालकाला करता येणाऱ्या वर्गाच्या) शुल्कातला एक भाग पोलिसांकडे खर्चापोटी येतो. दादांच्या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढंच.

त्या योजनेत कॅमेरा बसवायला नियम होता: साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत किमान चार मृत्यू वा गंभीर दुखापतीचे अपघात. गोची इथेच आहे. शंभर फासे टाका, ज्यांवर सहा आले ते बाजूला काढा, त्यांवर फुंकर मारा आणि पुन्हा टाका. बहुतेकांवर सहापेक्षा कमी येईल. फुंकरीचा गुण? नाही. सर्वांत वाईट तीन वर्षं बघून जागा निवडली तर पुढची तीन वर्षं काही न करताही बरी जातात. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच.

२००५ च्या सरकारी मूल्यमापनात कॅमेऱ्यांच्या जागी मृत आणि गंभीर जखमी ४२ टक्क्यांनी घटले असा मथळा होता. त्याच अहवालाच्या परिशिष्टात शहरी जागांच्या एका गटाचं पृथक्करण आहे: घट दिसली त्यातला निम्म्याहून जास्त भाग या परतण्याचा, काही भाग देशभरच्या सुधारणेचा, आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला उरलेला छोटा. कॅमेराविरोधकांनी हे परिशिष्ट उचलून धरलं ते योग्यच केलं. पण छोटा म्हणजे शून्य नव्हे. पुढे प्रा. रिचर्ड ऑलसप यांनी आरएसी फाउंडेशन या वाहतूक-संशोधन संस्थेसाठी नऊ भागांतले ५५१ कॅमेरे तपासले. २०१३ मध्ये आधी २७ टक्के घट जाहीर झाली, मग गणितातली चूक सापडल्यावर त्यांनी स्वतः ती दुरुस्त करून २२ टक्के केली. २१ कॅमेऱ्यांपाशी अपघात वाढलेले दिसले, तेही लपवलं नाही. त्या जागा पुन्हा तपासा असं त्या-त्या कौन्सिलला कळवलं. मला या कामावर विश्वास वाटतो तो यामुळे.

कॅमेऱ्याचा एकटा खांब असला की लोक तिथे ब्रेक मारतात आणि पन्नास मीटरवर पुन्हा पाय दाबतात. मागच्या गाडीला तो अचानक ब्रेक धोक्याचा. सरासरी वेगाचे कॅमेरे दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचून मधल्या वेळावरून वेग काढतात, तिथे ही युक्ती चालत नाही. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या पट्ट्यांत मृत्यू आणि गंभीर अपघात सुमारे ३६ टक्क्यांनी घटलेले आढळले, परतण्याचा परिणाम वजा करून. चौकाजवळचा एकटा खांब मागण्यापेक्षा हॉलच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मागणं शहाणपणाचं.

मेधाताई म्हणणाऱ्या सगळ्यांना नमस्कार,
मे. कु.

---

प्रेषक: अ. रा. (कार्डिफ)

इथला अनुभव थोडक्यात. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या, दिव्यांचे खांब असलेल्या रस्त्यांची मूळ मर्यादाच २० झाली. विरोधाच्या याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. राग २० वर जितका होता तितकाच, ज्या मोठ्या जोडरस्त्यांना ३० ठेवायला हवं होतं तेही २० मध्ये ओढले गेले यावर होता. पुढे कौन्सिलांना ते रस्ते परत तपासायला सांगण्यात आलं. तुमच्या पत्रात फक्त हॉलसमोरचा पट्टा मागा, सगळा जोडरस्ता नको.

इंग्लंडवाल्यांना एक सूचना: तुमच्याकडे दिव्यांचे खांब असलेल्या रस्त्यावर पाटी नसेल तर ३० धरतात, इथे २०. सेव्हर्न पूल ओलांडून वेल्समध्ये आलं की मंडळाचे पाहुणे इथेच चुकतात.

---

प्रेषक: नि. ग. (रेडिंग)

सर्वांना नमस्कार, मी नवीन आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला तर पुढे नेमकं काय होतं? आणि मशीन चुकतं का?

---

प्रेषक: वा. जो. (मिल्टन कीन्स)

नि. ग., बाळा, क्रमाने सांगतो.

पोलीस प्रमुखांच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक ठिकाणी मर्यादा + १० टक्के + २ मैल इथून कारवाई सुरू होते: २० ला २४, ३० ला ३५. हा हक्क नाही, सवलत आहे. नोटीस १४ दिवसांत गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे पोचायला हवी. गाडी लीजची किंवा कंपनीची असेल तर पहिली नोटीस त्यांना जाते आणि तुमच्याकडे महिन्याने आली तरी वैधच असते. 'मुदत गेली' म्हणून ती फेकणारे इथेच फसतात. चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवायचं. न कळवल्यास परवान्यावर ६ दंडाचे गुण, म्हणजे मूळ गुन्ह्याच्या दुप्पट. २० ला ३१ पर्यंत आणि ३० ला ४२ पर्यंत सहसा वर्गाचा पर्याय देतात, तीन वर्षांत एकदाच. नाहीतर १०० पौंड आणि ३ गुण. तीन वर्षांत १२ गुण झाले की साधारण सहा महिने परवाना जातो.

आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं: पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी इथली परीक्षा पास झालात की पहिली दोन वर्षं तुम्ही नवे चालक. ६ गुणांवर परवाना रद्द, पुन्हा थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही.

मशीन चुकतं का? गॅट्सो रडारने वेग मोजतो, पण निव्वळ त्यावर विसंबत नाहीत. तो अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो घेतो आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघांवरून गाडी किती सरकली ते मोजतात. ३० ला अर्ध्या सेकंदात ६.७ मीटर. शेजारच्या बसवरून रडार परावर्तित होऊन भलताच वेग आला तर तो इथे उघडा पडतो. म्हणून वाद घालायचा असेल तर फोटो मागवा, रेघा मोजा, यंत्राच्या अंशांकनाचा, म्हणजे ते बरोबर मोजतं याचा, दाखला मागा. नुसतं 'मी एवढ्या वेगात नव्हतो' याला कोर्टात वजन नाही.

---

प्रेषक: स. प. (रेडिंग)

काका, मेधाताई, अ. रा.,

३ मीटर ब्रेक आणि २६ मैलांचं गणित मी कागदावर करून पाहिलं, बरोबर आलं. विरोधाचं पत्र मागे घेतो. पण नुसता पाठिंबाही नको, अटींसह हवा. मसुदा असा:

एक, आधी रस्त्यावर आडव्या टाकायच्या रबरी नळ्यांचे काउंटर सात दिवस लावून सरासरी वेग मोजा, रविवारी सकाळचा आकडा वेगळा द्या. सरकारी परिपत्रकाप्रमाणे सरासरी २४ च्या आत असेल तरच नुसत्या पाट्यांची २० चालते. २०१८ च्या सरकारी अभ्यासात नुसत्या पाट्यांनी वेग जेमतेम मैलभर उतरला होता. इथली सरासरी २८ निघाली तर पाट्या लावून काही होणार नाही, उंचवटे आणि क्रॉसिंगपाशी फुटपाथ रुंद करणं हवं, म्हणजे मुलाला पार्क केलेल्या गाड्यांच्या आडून डोकावायला लागणार नाही.

दोन, एकटा खांब नको. हॉलच्या दोन्ही बाजूंना सरासरी वेगाचा पट्टा, तोही मोजणीनंतर.

तीन, मागच्या पाच वर्षांचे अपघात नकाशावर द्या, तीन वर्षांचे नकोत.

चार, हॉलच्या फाटकासमोरच्या पिवळ्या नागमोडी रेघांवर (जिथे गाडी थांबवायची नसते) रविवारीही कारवाई. इथे गाड्या आपल्याच पालकांच्या असतात, तेव्हा शाळेच्या पालकांना वेगळा मेल मी आजच करतो.

काका, नळ्या कुठे लावायच्या ती जागा नकाशावर खूण करून पाठवाल का? पार्किंगच्या ओळीत लावल्या तर उभ्या गाड्या आकडा बिघडवतील, एवढं मला कळतं. बाकी तुम्हीच ठरवा.

स. प.