नवी डिझाइन बैठकीत सुचतात की एकट्याला?

प्रश्न – धोटेवाला, सोलापूर

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा जॅकार्ड (विणीतच नक्षी उमटवणाऱ्या) चादरी व टॉवेलचा लहान कारखाना आहे. हिवाळी हंगामासाठी डिझाइन ठरवायची वेळ आली की डिझायनर, विणकाम पाहणारा मास्टर, माग लावणारे व दुरुस्त करणारे जॉबर आणि विक्री पाहणारा धाकटा भाऊ अशा सर्वांना मी एकत्र बसवतो. चर्चा उत्साहाने होते, परंतु हाती येते ती बहुधा गेल्या वर्षीच्याच मोराची किंवा वेलबुट्टीची किंचित बदललेली आवृत्ती. याउलट डिझायनर घरी एकटा बसून जे काढतो ते अधिक धीट असते, मात्र त्यांतील बरेचसे मागावर चढतच नाही. ही बैठक बंद करावी का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर – ग्रंथालयप्रेमी

टीका बाजूला ठेवून सर्वांनी मिळून सुचेल ते बोलावे, ही पद्धत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बॉर्न यांच्या १९५३ च्या पुस्तकामुळे जगभर पसरली. पाचच वर्षांनी येल विद्यापीठात तिची परीक्षा झाली. चार-चार विद्यार्थ्यांचे १२ गट एकत्र बसवले. आणखी ४८ जणांना एकेकटे बसवून नंतर त्यांचे कागदोपत्री तसेच १२ गट केले. एकच कल्पना दोघांना सुचली असल्यास ती एकदाच मोजली, तरीही एकेकट्यांची बेरीज जवळजवळ दुप्पट भरली.

यामागचे कारण १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मिशाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी तपासले. भीड आणि अंगचोरी यांचा वाटा त्यांना तुलनेने थोडा आढळला. खरी अडचण पाळीची निघाली. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या लोकांनाही, दुसरा बोलत आहे असे दर्शवणारा दिवा लागलेला असताना थांबायला लावले, तेव्हा त्यांच्या कल्पना एकत्र बसलेल्या गटाइतक्याच रोडावल्या. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे, एवढ्यानेच सुचलेले निसटते. तेव्हा निदान सुरुवातीची बैठक तरी बंद करावी, असे माझे मत आहे.

उत्तर – निवृत्त मास्टर

प्रयोग मान्य आहे, परंतु येलच्या त्या विद्यार्थ्यांना आपली कल्पना विणून दाखवायची नव्हती. (माणसाला एक जादा अंगठा असता तर काय झाले असते, हाही त्यांना दिलेला एक प्रश्न होता!) चादरीत मात्र मागाच्या पेट्यांत जितके धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने) बसतात तितकेच आडव्या धाग्याचे रंग घेता येतात, नक्षीत धागा फार लांबपर्यंत सुटा राहिला तर तो वापरात अडकून ओढला जातो, आणि धोटे वारंवार बदलावे लागले की उत्पादन घटते, मग व्यापाऱ्याला दर परवडत नाही. यांतील बऱ्याच गोष्टी डिझायनरच्या कागदावर दिसत नाहीत, जॉबरला मात्र एका नजरेत दिसतात. म्हणून मालक, बैठक बंद करू नका, पुढे ढकला. आधी प्रत्येकाने आपापले काढावे आणि मग सर्वांनी बसून त्याची चिरफाड करावी. त्या वेळी आपण शेवटी बोला. मालक आधी बोलले की बाकीचे त्यांचेच वाक्य पुढे नेतात, हे मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे.

उत्तर – गणिताचा शिक्षक

एकट्याने सुचवावे आणि गटाने तपासावे, ही विभागणी सोयीची असली तरी नेहमी इतकी स्वच्छ नसते. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माचे शेवटचे प्रमेय या गणितातील जुन्या कोड्यावर सुमारे सात वर्षे जवळजवळ गुप्तपणे काम करून जून १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली. पुढे तिच्या तपासणीत मोठी त्रुटी आढळली. ती दूर करण्यासाठी त्यांनी आपले पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना सोबत घेतले. सप्टेंबर १९९४ मध्ये निर्णायक युक्ती सुचली ती वाइल्स यांनाच, पण टेलर यांच्यासोबतच्या कित्येक महिन्यांच्या झटापटीनंतर. तिचे श्रेय एकांताला द्यावे की सोबतीला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

धोटेवाला

सर्वांचे आभार. मास्टरांची सूचना पटते, परंतु आमचे दोन्ही जॉबर तेलुगूभाषक आहेत आणि मराठीत लिहायला संकोचतात. त्यांच्याकडून आधी कागदावर कसे घ्यावे?

ग्रंथालयप्रेमी

त्यांना तेलुगूत लिहू द्या किंवा आलेखाच्या कागदावर नुसते रेखाटू द्या. सोलापुरात तेलुगू वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागत नाही. बोलण्याऐवजी कागद फिरवण्याची एक पद्धतही आहे: सहा जण प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत लिहितात, कागद शेजाऱ्याकडे सरकवतात आणि आलेल्या कागदावर भर घालतात. दोन्ही जॉबर आणि आपण धरून आपल्याकडेही सहाच जण होतात. फक्त आपला कागद सर्वात शेवटी फिरू द्या.